यादीतला पंधरावा ग्रंथ

जमीन मोजणी खात्याच्या प्रशिक्षण केंद्रातील सर्व अधिकाऱ्यांनी नव्वद दिवसांच्या आत फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातील वाइनविषयी ज्ञान संपादन करावे, असं परिपत्रक एका मंगळवारी निघालं. कारण गंभीर होतं. बरगंडीहून मोजणीदारांचं शिष्टमंडळ येणार होतं, आणि त्या मुलखात म्हणे द्राक्षमळा आधी मोजतात, मग पितात. जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांनी काही विचारलं आणि आपले अधिकारी एकमेकांची तोंडं बघत बसले, तर खात्याची अब्रू ती काय राहणार? म्हणून शिफारस केलेल्या चौदा ग्रंथांची यादी सोबत जोडली होती. यादी करणाऱ्या समितीने त्यातला एकही ग्रंथ पाहिला नव्हता. पण समितीचं काम शिफारस करण्याचं होतं, वाचण्याचं नव्हे, आणि ते तिने मुदतीत पार पाडलं.

हे झेंगट गळ्यात पडलं केंद्राच्या ग्रंथपालांच्या. त्यांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. चौतीस वर्षांत त्यांच्या ग्रंथालयातून एक पान हरवलं नव्हतं. जाताना ‘ग्रंथहानी निरंक’ असा दाखला मिळाला की सुटलो, एवढंच त्यांचं मागणं. त्या दाखल्यावाचून निवृत्तीचे कागदही पुढे सरकत नसत.

ग्रंथ आले. नव्या पुस्तकाचं पान न् पान तपासून घ्यावं असा नियम आहे, आणि नियम पाळणारा खात्यात हा एकच इसम. तपासता तपासता गडी वाचायलाच लागला. खोकल्याच्या औषधापेक्षा कडक काही ज्याच्या घशाखाली कधी उतरलं नव्हतं, तो माणूस सकाळच्या चहाबरोबर बायकोला बरगंडी सांगू लागला.

“अगं, एकाच मळ्याचे ऐंशी मालक! भावाभावांत वाटण्या होत होत एकेकाच्या वाट्याला वेलींच्या चार ओळी. आणि बांधाच्या अलीकडची वाइन वेगळी, पलीकडची वेगळी.”

“मग भांडत असतील मेले.”

“भांडतात कसले? बाटलीवर आपापलं नाव घालतात.”

“तुमच्या भावांना सांगा म्हणावं,” बायको म्हणाली. “आणि जावईबापूंसमोर हा विषय काढू नका हं. त्यांना वाटायचं, सासऱ्यांना उतारवयात लागलं काहीतरी.”

इकडे पंचेचाळीस दिवस उलटले तरी ग्रंथालयाची पायरी एकाही अधिकाऱ्याने चढली नाही. संचालकांनी प्रगती विचारली, तेव्हा प्रत्येकाने ‘समाधानकारक’ असं लिहून दिलं. त्यातलं खरं काय ते संचालकांना बरोबर कळलं, कारण त्यांनी स्वतःही तेच लिहिलं होतं. त्यांनी बैठक बोलावली. त्या बैठकीत उपसंचालकांनी तोंड उघडलं. प्रत्येक कागदाला आणखी एक कागद जोडायची त्यांना खोडच होती, म्हणून सगळं केंद्र त्यांना माघारी ‘पुरवणी’ म्हणायचं.

“नुसत्या पुस्तकांनी भागणार नाही,” पुरवणी म्हणाले. “प्रत्यक्ष बाटल्या मागवू.”

बाटल्यांसाठी खात्यात तरतूद नव्हती. तरतूद होती ती फक्त ग्रंथखरेदीची.

“मग ग्रंथ म्हणूनच घेऊ. बाटलीवर मजकूर असतो? असतो. प्रकाशकाचं नाव, गाव, वर्ष असतं? असतं. मग राहिलं काय?”

“साहेब, पानं नसतात,” ग्रंथपाल चाचरत म्हणाले.

“तुमच्या भिंतीवर मोजणीचे नकाशे टांगलेत. दाखल आहेत ना ते ग्रंथालयात? त्यांना कुठे पानं आहेत?”

ग्रंथपालांनी लेखी हुकूम मागितला, तोही लगेच मिळाला: ‘यादीतील अ. क्र. १५, पुरवणी वाचन, प्रती चोवीस, नियमानुसार हाताळाव्यात.’ नियमानुसार म्हणजे नियमानुसार. त्यांनी चोवीस बाटल्यांना दाखल क्रमांक दिले, काचेवर चिठ्ठ्या चिकटवून खात्याचा शिक्का मारला, आणि वर लिहिलं: ‘संदर्भग्रंथ. ग्रंथालयाबाहेर नेऊ नये.’

आणि काय सांगावं महाराजा! ज्यांना ग्रंथालय कुठल्या मजल्यावर आहे हे ठाऊक नव्हतं, ते दुपारी दोनच्या ठोक्याला दारात उभे. वाचनकक्षात खुर्च्या कमी पडल्या. तालुक्याच्या कचेऱ्यांमधून मोजणीदार अभ्यासरजा टाकून येऊ लागले. कुणी सावकाश वाची, कुणी एका बैठकीत ग्रंथ संपवी, आणि दोघा-तिघांना वाचन संपल्यावर धरून जिन्याखाली न्यावं लागे. वरिष्ठ कार्यालयाने केंद्राला ‘वाचनस्नेही कार्यालय’ अशी ढाल दिली. ती स्वीकारताना, नवी पिढी वाचत नाही ही ओरड खोटी आहे, असं संचालकांनी ठणकावून सांगितलं.

शिष्टमंडळ आलं तेव्हा पंधराव्या ग्रंथाची एकही प्रत शिल्लक नव्हती. पण त्याने काही अडलं नाही, कारण शिष्टमंडळाच्या प्रमुखाला डॉक्टरांनी दारू बंद केली होती. त्या बिचाऱ्याने कोमट पाणी घेतलं आणि सहज विचारलं, आमचे मळे तुम्हाला मोजायला दिले तर सुरुवात कुठून कराल? अधिकारी एकमेकांची तोंडं बघत बसले. टेबलाच्या शेवटी अभिप्रायाची वही घेऊन ग्रंथपाल उभे होते. त्यांना राहवलं नाही. मग तासभर ते दोघेच बोलत होते, उताराविषयी, दगडी कुंपणांविषयी, भाऊबंदकीविषयी. परत गेल्यावर प्रमुखाने आभाराचं पत्र धाडलं: ‘आपले ग्रंथपाल आमचे डोंगरउतार आमच्याइतकेच जाणतात.’ ग्रंथपालांना झालेला आनंद गगनात मावेना. त्यांनी ते पत्र घरी नेऊन जावयालासुद्धा वाचून दाखवलं.

निवृत्तीला बारा दिवस असताना वार्षिक पडताळणी झाली. पडताळणीला आलेल्या बाईंनी चौदा ग्रंथांपुढे शेरा मारला: ‘वापराच्या खुणा नाहीत. जतन उत्कृष्ट.’ मग त्या पंधराव्याकडे वळल्या. त्यांनी एकेक बाटली उलटी करून पाहिली आणि लिहिलं: ‘प्रती चोवीस. बाह्यांग शाबूत. मजकूर पूर्णतः गहाळ.’

“बाई, तो वाचकांनी वाचला हो,” ग्रंथपाल म्हणाले.

“वाचल्यावर मजकूर जागेवर राहतो. त्या चौदा ग्रंथांचा राहिलाय की नाही?”

“आता काय करायचं?”

“त्याच वर्षाच्या प्रती भरून द्या. नव्या वर्षाच्या चालणार नाहीत. नाहीतर वाचनामुळे झीज झाली, असं वाचकांकडून लिहून आणा.”

त्या वर्षाची वाइन जगाने केव्हाच पिऊन टाकली होती. तेव्हा ग्रंथपाल कागद घेऊन दारोदार फिरले. बरं, कक्षात बसून वाचणाऱ्याची नोंद ठेवायची नाही, हाही नियमच, त्यामुळे पुराव्याला चिटोरंही नाही. अधिकाऱ्यांनी आस्थेने बसवलं, चहा पाजला. “चौदा ग्रंथ वाचले ना! अथपासून इतिपर्यंत. हवं तर तसं लिहून देतो,” प्रत्येक जण म्हणाला, आणि प्रत्येकाने तसं सही करून दिलंही. “पण पंधरावा? छे छे. आमच्या घरात चालत नाही.” चोवीस बाटल्या रिकाम्या, आणि सगळं केंद्र निर्व्यसनी!

चौकशी समिती बसली. अध्यक्ष अर्थातच पुरवणी.

“तुम्ही मद्य घेता?”

“आयुष्यात थेंब नाही, साहेब.”

“मग सांगा, उताराच्या मधल्या पट्ट्यातली वाइन सर्वांत चांगली का?”

कुणीतरी प्रश्न विचारला होता, आणि चौतीस वर्षांत त्यांना पुस्तकातलं काही विचारायला कोणी आलं नव्हतं. ग्रंथपाल खुलले. वरच्या अंगाला माती पातळ, खालच्या अंगाला पाणी साचतं, मधल्या पट्ट्यात पाण्याचा निचराही होतो आणि ऊनही नीट लागतं. दहा मिनिटं ते सांगत होते. समितीतलं कुणी हललंसुद्धा नाही.

“हे तुम्हाला कसं कळलं?”

“वाचून.”

“कशात?”

“त्या चौदा पुस्तकांत.”

पुरवणींनी चष्मा काढून पुसला. “ते चौदा ग्रंथ आम्ही सगळ्यांनी वाचलेत. तशी लेखी प्रमाणपत्रं तुम्हीच गोळा केलीत. आम्हाला यातलं अक्षर माहीत नाही. म्हणजे हे त्या ग्रंथांत नाही. मग ते कशात होतं, ते तुम्हीच सांगा.”

पुराव्यादाखल आभाराचं पत्र जोडलेलं होतंच. चोवीसच्या चोवीस प्रतींतील मजकूर ग्रंथपालांनी एकट्याने ग्रहण केला, असा निष्कर्ष एकमताने निघाला. दाखला नाकारला गेला. निवृत्तीचे कागद थांबले, निरोप समारंभही रद्द झाला.

ग्रंथपाल घरी आले ते संतापूनच. बायकोने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग जवळ सरकून हळूच म्हणाली, “माझ्यापाशी तरी खरं सांगा. एकदा तरी…?”

“मी वाचलं गं! नुसतं वाचलं!”

“अहो, नुसतं वाचून एवढं कोणाला येतं?”

यावर मात्र त्यांना रडू कोसळलं.

समितीने अहवालाच्या शेवटी एक शिफारस केली, ती लगोलग लागूही झाली. यापुढे कोणताही मजकूर शेवटपर्यंत वाचणाऱ्या व्यक्तीचे नाव नोंदवून तिच्याकडून कारणे मागवावीत. तेव्हा तुम्ही ही गोष्ट पहिल्या ओळीपासून इथवर वाचली असेल, तर तुमचं काही खरं नाही. कारणं शोधून ठेवा. पण मधला भाग गाळून थेट इथे आला असाल, आणि उद्या कुणी विचारल्यावर ‘वाचली की, झकास आहे’ म्हणणार असाल, तर निर्धास्त राहा. समितीवर एक जागा रिकामी आहे.