देवाच्या ओळखीचा दाखला

माझा थोरला मुलगा देवाबद्दल असं बोलतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, देव त्याच्या हाताखाली कामाला आहे आणि सध्या रजेवर गेलाय. माझी मूळ तक्रार एवढीच. बाकी पोरगा गुणी आहे. चपला दाराबाहेर काढतो, बायकोला वर तोंड करून बोलत नाही, आणि देवविषयक माहिती विभागात उपसंचालक आहे.

विभागाची इमारत तीन मजली आहे. पहिल्या मजल्यावर देव आहे की नाही याची नोंद होते. दुसऱ्यावर, असल्यास कसा आहे, याची. तिसऱ्यावर साहेब लोक बसतात, आणि लिफ्ट कायम बंद असल्यामुळे तिथवर कोणीच पोचत नाही. घरी आल्यावरही थोरल्याचं ऑफिस सुटत नाही. हातपाय पुसता पुसता मला सांगतो, "आई, देवाचे एकूण त्रेचाळीस गुणविशेष नक्की झाले. चव्वेचाळिसावा आज समितीनं फेटाळला."

"कुठला रे?"

"ऐकून घेतो, हा. पुरावा कमी पडला."

मी तिसरीतून शाळा सोडली, तेव्हा मला समिती-बिमिती काही नाही. मी देवाशी भांडी घासताना बोलते. माझे मालक गेले तेव्हा त्याच्याशी अकरा महिने अबोला धरला होता. शेवटी मीच आधी बोलले, कारण त्याची खोड मला ठाऊक आहे, तो माघार घेत नाही आणि रुसतही नाही. थोरल्यानं हे सगळं एकदा शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "याला आमच्याकडे अनौपचारिक धारणा म्हणतात." ताटलीवर राख जरा जास्तच जोरात घासली मी त्या दिवशी.

हे असंच चाललं असतं. पण माझ्या धाकट्या जावेचं हृदय बिघडलं. गुरुवारी सकाळी दहाला ऑपरेशन ठरलं. आमचं चाळीस वर्षांचं भांडण आहे, कपडे वाळत घालायच्या दोरीपासून ते खिडकी उघडी की बंद इथपर्यंत. सोमवारी इस्पितळात भेटायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता.

"जाऊबाई, मला आत नेतील त्याच्या आधी माझ्यापाशी बसा. आणि त्याला माझ्यासाठी दोन शब्द सांगा. तुमचं त्याच्याशी बोलणं-चालणं आहे. मला तो नुसता ऐकून माहीत."

चाळीस वर्षांत तिनं माझी एवढी एकच गोष्ट मान्य केली होती. मी लगेच खुर्ची ओढली.

"आजी, थांबा," नर्स म्हणाली. "प्रार्थना करताय? दाखला आहे?"

भिंतीवर सूचना होती. रुग्णाच्या खाटेशी प्रार्थना करणाऱ्या व्यक्तीकडे देवविषयक माहिती विभागाचं योग्यता-प्रमाणपत्र असणं सक्तीचं आहे. मागे म्हणे एकाच खाटेशी तीन नातेवाइकांनी तीन वेगवेगळ्या मागण्या केल्या, आणि रुग्णाला नेमकं काय व्हायचं ते कळेना. सूचनेखाली सही होती. ती सही मी ओळखली. तिचं पहिलं अक्षर मीच हात धरून गिरवून घेतलं होतं.

मंगळवारी मी परीक्षेला बसले. शंभर प्रश्न, दीड तास, पेपर काढणारा माझाच मुलगा. प्रश्न चौथा : देव कुठे असतो, तीन प्रमुख मतं सांगून तुलना करा. मी लिहिलं, आज सकाळी मोरीपाशी होता. प्रश्न एकोणिसावा : देवाच्या गुणविशेषांची यादी द्या. मी लिहिलं, माणसासमोर त्याच्याच गुणांची यादी वाचत नाहीत, त्याला कसंसंच होतं. शंभरात अकरा मार्क पडले. त्यातले पाच सुवाच्य अक्षराचे.

थोरला घरी आला तेव्हा माझ्या नजरेला नजर देईना. "आई, तुझी देवाविषयीची माहिती फार तोकडी आहे गं."

"माहिती तोकडी असेल. ओळख जुनी आहे."

"मग तसा अर्ज कर," तो हसून म्हणाला. "कलम बारा. वैयक्तिक ओळख असल्यास परीक्षेतून सूट." त्यानं थट्टा केली होती. मी बुधवारी दार उघडायच्या आधी ऑफिसच्या पायरीवर उभी होते.

खिडकीतली कारकून बाई चांगल्या घरची वाटली. तिनं अर्ज शोधायला अर्धा तास घेतला आणि त्यावरची धूळ फुंकून माझ्यासमोर ठेवला.

"शेवटचा संपर्क कधी?"

"आज पहाटे."

"संपर्काचं स्वरूप?"

"तक्रार."

"तक्रार क्रमांक?"

"अगं बाई, क्रमांक घालायला बसले तर भांडी कधी व्हायची?"

तिनं 'क्रमांक उपलब्ध नाही' असं लिहिलं. "आता दुसऱ्या पक्षाचं पत्र द्या. अर्जदाराला मी ओळखतो, असं. खाली सही आणि तारीख."

"तो लिहून देत नाही."

"सगळे असंच म्हणतात," ती सुस्कारा टाकून म्हणाली.

"आतापर्यंत किती जणांना मिळाली ही सूट?"

"अजून कोणालाच नाही. पण अर्ज पाच हजार छापलेत."

मी विचारलं, "समज, त्यानं पत्र दिलंच. मग मला उद्या जावेपाशी बसू देतील?"

बाईनं नियमांचं पुस्तक उघडलं, दोन पानं मागे गेली, एक पुढे आली. मग तिचा चेहरा पडला. "नाही देणार, आजी. ओळख सिद्ध झाली, की तो वशिला होतो. ओळखीच्या माणसाकडून काम करून घेणं म्हणजे बाकीच्या रुग्णांवर अन्याय. कलम तेरा."

"म्हणजे, ज्याची ओळख नाही त्यालाच बोलायची परवानगी?"

"ज्याची माहिती पूर्ण आहे आणि ओळख अजिबात नाही, त्याला," ती म्हणाली. "तो निःपक्षपाती असतो."

मला वाटलं, बाईला हसू येईल. आलं नाही. तिनं शिक्का उचलला, शाई वाळली होती म्हणून त्यावर फुंकर घातली, आणि माझा अर्ज फेटाळला.

माझा चढलेला आवाज ऐकून थोरला जिन्यावरून खाली आला. घामाघूम झाला होता. "आई, लोक बघतायत. तू चल घरी. काकूसाठी मी जातो ना उद्या. माझं प्रमाणपत्र विशेष श्रेणीचं आहे."

"तू काय बोलणार?"

"जे आहे ते. सविस्तर."

गुरुवारी नऊ वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून, प्रमाणपत्र गळ्यात अडकवून आत गेला. मी काचेच्या दाराबाहेर बाकावर. शेजारी आणखी पाच-सहा माणसं होती, सगळ्यांची आपापली माणसं आत. दार अर्धवट लोटलेलं, त्यामुळे ऐकू येत होतं. थोरल्यानं घसा साफ केला, फाइल उघडली आणि पहिल्या गुणविशेषापासून सुरुवात केली. आवाज खणखणीत. अकराव्याला पोचला, तेव्हा जाऊ म्हणाली, "अरे बाळा, हे मला कशाला सांगतोस? माझं त्याला सांग."

थोरला थांबला. फाइलची दोन पानं उलटली. छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग परत फाइलकडे. कपाळावरचा घाम पुसला. आणि दाराशी आला.

"आई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "सुरुवात काय करायची असते?"

"कशाची सुरुवात?"

"म्हणजे, त्याला थेट बोलायचं झालं तर. मायना काय?"

"बावीस वर्षं त्याच्या नोकरीत आहेस. करत काय होतास?"

"अहवाल," तो म्हणाला. पोरगा खरंच घाबरला होता.

तेवढ्यात दहाला दहा मिनिटं कमी असताना दोन माणसं आली आणि जावेला चाकांच्या ट्रॉलीवर घेऊन बाहेर निघाली. मी उठले. पहारेकरी आडवा आला, "आजी, दाखला?" नर्सनं त्याला हातानं बाजूला केलं. "नियम खाटेपुरता आहे. ही ट्रॉली आहे," ती म्हणाली, आणि घड्याळाकडे बघत राहिली. चार दिवसांत मला भेटलेलं ते पहिलं शहाणं माणूस.

मी जावेचा हात धरला. ट्रॉली थांबली.

"अरे, ऐकतोयस ना?" मी म्हटलं. "ही माझी धाकटी जाऊ. हट्टी आहे, माझी कात्री घेऊन बसलीय सहा वर्षं, ते तुला ठाऊकच आहे. तिला भीती वाटतेय. मला आत सोडत नाहीत, म्हणून तू जा तिच्याबरोबर. आणि परत घेऊन ये. भांडायला मला माणूस लागतं. मी इथंच बसलेय. मी बसले की उठत नाही, ते तू पाहिलंयस."

जावेच्या डोळ्यांत पाणी होतं. ओठ हलले. "कात्री तुमच्याकडेच आहे, जाऊबाई."

"ते तू बाहेर आलीस की बघू."

तिनं माझा हात दाबला. आता तो तितका गार नव्हता. पलीकडचं दार बंद झालं आणि वरचा लाल दिवा लागला.

मी बाकावर टेकले. थोरला शेजारी बसला. वाटलं, आता पोरगा माझ्या खांद्यावर डोकं टेकेल, चार आसवं गाळेल. त्यानं खिशातून वही काढली.

"आई, तू आत्ता बोललीस ते लिहून काढतोय. फार उपयुक्त आहे. 'नमुना प्रार्थना, ज्येष्ठ महिलांसाठी' म्हणून मंजूर करून घेतो. कात्रीचा भाग तेवढा वगळावा लागेल."

बाकावरचे सगळे पुढे सरकले. त्यातला एक भला माणूस नम्रपणे म्हणाला, "साहेब, याची एक प्रत आम्हालाही मिळेल का? आमचं माणूस साडेअकराला आत जाणार आहे."

थोरल्याची छाती फुगली. तो नावं लिहून घ्यायला लागला. मग मात्र मी उभी राहिले, आणि बाकाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाले,

"लेका, बावीस वर्षं तू त्याच्या माघारी त्याच्याबद्दल बोलत आलास. तोंडावर एक शब्द नाही. तुझ्या विभागात याला विशेष श्रेणी देत असतील, मी याला चुगलखोरी म्हणते. आणि चुगली कान देऊन ऐकायची, वर तिची प्रत मागायची, ती माणसंही मला काही निराळी वाटत नाहीत."