लेझरपुढचं गाऱ्हाणं

धातूची कुठलीही वस्तू दिसली की आमचे घाग सर स्थळ बघावं तसे ती निरखून बघतात आणि विचारतात, "उडवूया काय?" शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा देवाच्या चांदीच्या मुखवट्याकडे बघूनही त्यांनी हेच विचारलं. मानकऱ्यांनी त्यांनाच उडवायचं बाकी ठेवलं होतं.

मी रत्नागिरीत त्यांच्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. सरांचं काम म्हटलं तर सोपं. हवा काढून घेतलेल्या पेटीत धातू ठेवायचा आणि त्यावर लेझरचे झटके मारायचे. डोळ्यांना न दिसणारे कण उडतात, समोरच्या काचेवर त्यांचा रंगीत थर बसतो. पण मध्येच लाइट गेली की हवा काढणारा पंप बंद आणि काच फुकट. आमच्याकडे लाइट जायला ढगही लागत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी सर गॉगल लावून, हात जोडून चक्क गाऱ्हाणं घालतात.

"बा देवा म्हाराजा, ही चांदी काचेवर नीट बसू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळ्यांनी ओरडायचं. एकदा तपासणीला आलेले साहेबही ओरडले. त्या दिवशी लाइट गेली नाही, त्यामुळे प्रथा पक्की झाली.

निवृत्तीला चार दिवस उरले तेव्हा सरांनी खिशातून एक पुडी काढली. आत सोन्याचं एकच कानातलं, वहिनींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं. जोडीतलं दुसरं लग्नानंतर गणपतीपुळ्याच्या वाळूत हरवलं होतं. हरवलं वहिनींनी, असं घरात ठरलेलं. सासूची बोलणी त्यांनी जन्मभर खाल्ली.

"ह्याचं सोनं काचेच्या दोन टिकल्यांवर चढवायचं," सर म्हणाले. "जोडी होईल. ह्या मूळ कानातल्याला नुसता चट्टा पडेल."

पंप म्हातारा झालेला, संधी एकच. सरांनी हात जोडले. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन दारात आल्या आणि मला खुणेनंच गप्प बसवलं. सरांची दाराकडे पाठ होती.

"बा देवा म्हाराजा," सर म्हणाले, "तुज्यापुढं खोटा नाय चालायचा. तां कानातला हिच्या हातनं नाय हरवला. माज्या खिशातनं पडला. आयशीच्या भ्यानं मी बोललो नाय. आज लाइट घालवू नको, एकाची जोडी करून घे रे म्हाराजा!"

मी दाराकडे बघितलं.

"व्हय म्हाराजा," दारातून वहिनी म्हणाल्या. "मला तवाच म्हायत होता. आता दाबा बटण, लाइट हाय तवर."

सोन्याचे कण इतके बारीक, की टिकल्या पिवळ्या नाही, छान गुलाबी निघाल्या. लेझर बंद झाला, वहिनींनी डबा उघडला, तरी सर काही गॉगल काढेनात.