हॉइटची लाल बोट

हॉइट लेडबेटर मंगळवारी सकाळी बूट चढवता चढवता गेला, आणि बुधवारी दुपारी त्याचा जिवलग मित्र बर्ल स्टॅन्सिल त्याच्याच गॅरेजमध्ये उभा राहून त्याला शिव्या घालत होता. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, असं म्हणतात. पण असं म्हणणाऱ्यांनी ती ताडपत्री उचलून बघितलेली नव्हती.

ताडपत्रीखाली हॉइटची लाल बोट असायला हवी होती. फायबरची, लांबलचक, आणि अशी चमचमती की तिच्यावर ऊन पडलं की समोरच्याने डोळे मिटून घ्यावेत. तिच्या जागी एक राखाडी, बुटकी, अ‍ॅल्युमिनियमची बोट बसलेली होती.

"हे काय आहे?" बर्लने विचारलं.

"बोट," हॉइटची बायको नडीन म्हणाली. ती दारात हाताची घडी घालून उभी होती. शेजारणींनी आणलेल्या तळलेल्या कोंबडीचे डबे ओट्यावर मावेनासे झाले होते, घरभर बायका बसल्या होत्या, आणि बिचारीला रडायलासुद्धा कोपरा उरला नव्हता.

"बोट आहे ते दिसतंय मला. लाल कुठाय?"

"विकली. दोन वर्षं झाली. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

बर्ल मटकन रिकाम्या बादलीवर बसला. दुसरं कुणी असतं तर गोष्ट वेगळी. पण हॉइट? केन क्रीकच्या तळ्यावर बास मासे धरणाऱ्यांचा जो क्लब होता, त्याच्या दर वर्षीच्या जेवणात हॉइट उठून उभा राहायचा आणि पत्र्याच्या बोटींवर प्रवचन द्यायचा. पत्र्याचा डबा वाऱ्यात भरकटतो. पत्र्याचा डबा लाटेवर आपटतो. पाणी त्याच्या तळाला थापडा मारतं आणि आवाजाने मासा पलीकडच्या काठाला पळून जातो. पत्र्यात मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी बसावं, आपल्यासारख्या बाप्टिस्ट माणसाने बसू नये. मग टाळ्या पडायच्या, आणि सगळ्यात जोरात वाजवायचा तो रँडल गुथ्री. शेवटी हॉइट छातीवर हात ठेवून सांगायचा, "मेल्यावर मला त्या काळ्या गाडीतनं नेऊ नका. माझ्या बोटीतनं न्या. आणि ओढायची बर्लनं." बर्ल दर वर्षी उठून सगळ्यांसमोर वचन द्यायचा.

आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस हॉइट म्हणाला, पाठ गेली रे, आता मासेमारी बंद. तेव्हापासून बर्ल दर शनिवारी एकटा जात होता. त्याच्या काळजात डॉक्टरने दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या आणि बजावलं होतं की एवढी जड फायबरची बोट एकट्याने ट्रेलरवर ओढून घेत जाऊ नकोस, मरशील, एखादी हलकी बघ. बर्ल लांबच्या गावी जाऊन एक पत्र्याची बोट बघूनसुद्धा आला होता. दुकानात तिच्यात बसला होता, जरा वेळ बरं वाटलं होतं, आणि मग हॉइटचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तो उतरून घरी आला. मंगळवारी फोन आला तेव्हा तो पोटभर रडला. रडता रडता मनात आलं, चला, आता घ्यायला हरकत नाही. त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की त्याने जेवण सोडलं. आणि इकडे हा गृहस्थ दोन वर्षं डबा घेऊन बसलेला.

"पाठ गेली होती ना त्याची?" बर्ल म्हणाला.

"पाठीला काय धाड भरलीय. लाल जड व्हायची त्याला, एवढंच. मंगळवार-मंगळवार धरणापलीकडं जायचा, तिथं ओळखीचं कुणी येत नाही म्हणून. कालपण तिकडंच निघाला होता." नडीनने नाक पुसलं. "त्याच्या बोटीतनं न्यायचं म्हणाला होता. ही त्याचीच आहे. ने."

"लोकांसमोर? नडीन, रँडल तिथं खड्ड्याच्या काठावर हसेल. अख्ख्या उत्तर अलाबामात बोभाटा होईल. नाही, नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी लाल बोट आणतो."

"अरे, ती आता दुसऱ्याची आहे."

"एका दिवसापुरती आणतो," बर्ल म्हणाला, आणि इथून सगळं बिघडायला सुरुवात झाली.

लाल बोट घेतली होती शेजारच्या परगण्यातल्या पेरी व्हिटकर नावाच्या दातांच्या डॉक्टराने. माणूस सज्जन होता. त्याने बर्लला कॉफी दिली, दुःख व्यक्त केलं, आणि मागच्या अंगणात नेऊन बोट दाखवली. बर्लच्या हातातली कॉफी पँटवर सांडली. बोट लाल होती, पण फक्त टोकाला आणि शेपटाला. मधला सगळा भाग दोन्ही अंगांनी एका चिकटवलेल्या जाहिरातीने व्यापला होता. जाहिरातीत दात होते. पाच फुटी हसणारं तोंड, दातांच्या दोन पांढऱ्याशुभ्र ओळी, आणि खाली लिहिलेलं: हसा. बाकीचं आम्ही बघतो.

"डॉक्टर, हे काय करून ठेवलंत हो?"

"जाहिरात. तळ्यावर लोकं बघतात ना. गेल्या उन्हाळ्यात हिच्यामुळं पुष्कळ दाढा आल्या."

"काढता येईल का?"

"काढली तर रंग निघेल. फुलं घालून झाका तुम्ही, माझं काही म्हणणं नाही." डॉक्टर जरा घुटमळला. "अगदी पूर्ण झाकलीच पाहिजे असं नाही. लोकं बरीच येतील ना?"

शुक्रवारी दिवसभर पाऊस पडला. शनिवारी उघडला, पण वारा सुटला. बर्लने पहाटेपासून बोटीच्या दोन्ही अंगांना हार, फुलांची चक्रं, रिबिनी, जे मिळेल ते बांधलं आणि शेवटचा सुळा झाकला तेव्हाच दम घेतला. चर्चमधली प्रार्थना झाली, शवपेटी पुढच्या फळीवर चढवून पट्ट्यांनी आवळली. क्लबातल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. रँडल गुथ्रीने लाल रंगाकडे बघून मान डोलावली आणि म्हणाला, "याला म्हणतात बोट." बर्लला वाटलं, जिंकलो. शववाहिकेचा माणूस भला होता बिचारा. "मी मागनं येऊ का? असू द्या जवळ," असं तो दोनदा म्हणाला. बर्लने त्याला घरी पाठवलं.

चर्चपासून दफनभूमीपर्यंत हमरस्ता आहे आणि हमरस्त्यावर आडोसा नाही. पहिलं चक्र पेट्रोलपंपासमोर उडालं. वरचे चार दात उघडे पडले. आमच्याकडे अंत्ययात्रा दिसली की समोरून येणाऱ्या गाड्या रस्त्याच्या कडेला थांबतात, माणसं उतरतात, टोपी छातीशी धरतात. त्या दिवशीही उतरली. टोपी काढायची, मान खाली घालायची, मग हळूच वर बघायचं आणि वाचायला लागायचं. बर्लने वेग कमी केला तर वारा आणखीच नीट लागायला लागला. पुलापाशी खालचा जबडा मोकळा झाला. दफनभूमीच्या वळणावर येईपर्यंत एकही फूल शिल्लक नव्हतं, आणि हॉइट लेडबेटर पाच फुटी हसण्यावर आडवा पडून शेवटच्या प्रवासाला चालला होता. मागच्या गाडीतून डॉक्टर व्हिटकर समाधानाने बघत होता.

दफनभूमी टेकडीवर आहे. तांबड्या मातीचा चढ आणि चढाच्या तोंडाशी दोन दगडी खांब. पावसाने तिथे नुसता लगदा झालेला. बर्लचा पिकअप जुना, बोट अवजड, वर शवपेटी. नाकापेक्षा मोती जड झाला. पिकअपने चढ धरला, कण्हला, जागच्या जागी चाकं फिरवली, आणि मग शांतपणे मागे यायला लागला. बर्लने ब्रेक दाबला तसा ट्रेलर आडवा झाला आणि बोटीची कूस उजव्या खांबावर जाऊन आदळली. फायबर फुटल्याचा आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. पेटी तिरकी झाली, पण पट्ट्यांनी धरून ठेवली. भेग गेली ती बरोबर समोरच्या दोन दातांच्या मधून.

"माझी बोट," डॉक्टर म्हणाला, आणि चिखलात गुडघ्यावर बसला.

आता काय करायचं, यावर प्रत्येकाचं मत होतं. पिकअप चिखलात रुतला होता आणि फाटकात अर्धी वाट अडवून उभा होता. कुणी म्हणालं, शववाहिका बोलवा. तिला फोन केला तर ती दुसऱ्या मयताला गेलेली. पाद्रीबुवा छत्रीच्या टोकाने चिखल टोचत म्हणाले, "बर्ल, परमेश्वराला घाई नाही. पण मला दोन वाजता एक लग्न लावायचंय."

"लावतो की वाटेला. एक मिनिट," बर्ल म्हणाला. तीस वर्षं दिलेलं वचन, आणि मित्र फाटकात लटकलेला. त्याने पट्टा ओढून पेटी सरळ करायला घेतली, तर छातीत अशी कळ आली की तो खांबाला टेकून उभा राहिला. त्याला हॉइटची मनापासून माफी मागायची होती, पण सगळे बघत होते.

या गडबडीत नडीन आपल्या छोट्या गाडीत बसून निघून गेली. सगळ्यांना वाटलं, बाईला सहन झालं नाही. थोड्या वेळाने ती परत आली, आणि गाडीमागे राखाडी बोट होती. बर्ल बोट ओळखून धडपडत आडवा गेला.

"नडीन, नको. ऐक माझं."

"बाजूला हो, बर्ल."

"लोकं बघतायत गं."

"लोकांनी दात बघितलेत. आता आणखी काय बघायचं राहिलंय?"

बर्ल बाजूला झाला. आठ जणांनी पेटी उचलून पत्र्याच्या बोटीत ठेवली. गाडी चढाला फसेल म्हणून ट्रेलर सोडवला आणि क्लबातल्या म्हाताऱ्यांनी तो हाताने ओढायला घेतला. पिकअप आणि खांब यांच्यामधल्या बोळातून बोट घासत, करकरत गेली. त्याच खांबाला तीही धडकली. ठण्ण असा आवाज झाला, एक पोचा आला, आणि बोट पुढे निघाली. मागून चालताना डॉक्टर व्हिटकरने तो पोचा बोटाने चाचपून बघितला.

दगडांवरून पत्रा खडखडत होता. रँडल गुथ्री बर्लच्या शेजारी दोरी धरून ओढत होता.

"हॉइटची?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"हो."

"कधीपासनं?"

"दोन वर्षं."

बर्ल त्याच्या हसण्याची वाट बघत राहिला. रँडलने दोरी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "वाऱ्यात कशी चालते?"

"मला काय माहीत? मला सांगितलं होतं का त्यानं?"

पाद्रीबुवांनी वेळेअभावी थोडक्यात आटोपलं. हॉइट सत्यवचनी होता, म्हणाले. पोटात एक ओठांवर एक असा स्वभावच नव्हता. मेल्या म्हशीला मणभर दूध. सगळ्यांनी बोटीकडे न बघता आमेन म्हटलं.

माती लोटून झाली, माणसं पांगली. बर्ल पत्र्याच्या बोटीपाशी उभा होता. पुढच्या टोकावर एक खुर्ची आणि मागे एक, दोन्ही नीट पुसलेल्या. नडीन जवळ येऊन उभी राहिली.

"मला का नाही सांगितलं त्यानं?" बर्लने विचारलं.

"भ्यायचा तुला."

"मला?"

"दवाखान्यातल्या डॉक्टरलाही एवढा भ्यायचा नाही. बर्ल थुंकेल माझ्या तोंडावर, म्हणायचा. मी म्हटलं, मग काय जन्मभर लपवणारेस? तर म्हणाला, जन्मभर कशाला, बर्ल गेला की काढीन बाहेर. तुझं काळीज, तुझी साखर. फार तर वर्ष दोन वर्षं, म्हणायचा. रोज प्रार्थनेत तुझं नाव असायचं. नक्की काय मागायचा, ते मी विचारलं नाही."

बर्ल बोटीच्या काठावर बसला. खरं म्हणजे त्याला राग यायला हवा होता. पण त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्याने टोपी तोंडावर धरली. दोन वर्षं हा शनिवारी एकटा आणि तो मंगळवारी एकटा, आणि दोघांच्या बोटीत दुसरी खुर्ची रिकामी.

"मीही तेच करत होतो गं," तो टोपीतून म्हणाला. "तो जाण्याची वाट बघत होतो."

"माहितीये," नडीन म्हणाली. "तुझ्या बायकोनं सांगितलंय मला."

खाली फाटकात कुणीतरी साखळी लावून पिकअप ओढत होतं. बर्लने डोळे पुसले, पत्र्यावरून हात फिरवला, पोचा आतून दाबून बघितला.

"नडीन, ही... विकायचीय का?"

"रांग आहे," नडीन म्हणाली. "रँडलनं खड्डा बुजायच्या आधीच विचारलं. मग पाद्रीबुवांनी. मग तो दातांचा डॉक्टर आला, रडत रडत. तू चौथा."