शोरूमास वेढा घालून मोटारसायकल मुक्रर केली त्याची हकीकत

कल्याण असो. गल्लीतील तमाम दुकानदार, गिऱ्हाईक, वाटसरू व रिकामटेकडे यांसी कळावे जे, शिंपीमास्तरांच्या मोटारसायकलीचा मजकूर आपण सर्वांनी तोंडास येईल तैसा फिरविला. कोणी म्हणे, मास्तर शोरूमात जाऊन वेडे जाहले. कोणी म्हणे, दोघां नवराबायकोस उचलोन रस्त्यावर ठेविले. इस्त्रीवाले तर त्या दिवशी टेबल सोडोन तसूभर हलले नाहीत आणि वर "मी डोळ्यांनी पाहिलं" म्हणोन शपथ वाहतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हे ऐकोन आमचे मस्तक फिरले. सबब खरी हकीकत, पदरचे तिखटमीठ न लावता, प्रथमपासोन अखेरपर्यंत लिहितो, ती सावध होऊन ऐकावी. मध्ये कोणी खोकू नये.

शिंपीमास्तर म्हणजे चौकातील जिन्याखालच्या दुकानाचे धनी, कात्रीबहादूर, उमर अठ्ठावन, गळ्यात टेप आणि कानावर पेन्सिल. त्यांचे कुटुंब बाईसाहेब. काजे-बटणे, तुरपाई आणि गिऱ्हाइकांचा राग हा सारा कारभार त्यांच्या दिमतीस. एकतीस वरुषे उभयतांनी त्या एका खोलीत पाठीला पाठ लावून कष्ट केले, परंतु दोघे मिळोन कोठे गेले म्हणाल तर कापडबाजारापुढे मजल नाही. शाळा उघडल्या की गणवेश, गणवेश सरले की लग्नसराई, आणि मग ज्यांचे कपडे लग्नात घट्ट जाहले त्यांची उसवाउसव. कोणास उद्या पाहिजे, कोणास कालच पाहिजे होते. दुकानात दोरेवाल्या कंपनीचे जुने कॅलेंडर होते. त्याचे साल सरले, चित्र मात्र राहिले. रस्ता संपतो तेथे समुद्र, आणि समुद्राकाठी दीपगृह. अंतर अकराशे किलोमीटर.

मग एके दिवशी गणवेशांचा शेवटचा गठ्ठा रवाना करून मास्तरांनी मशिनीवर झाकण घातले आणि फर्माविले की, वीस दिवस दुकान बंद, दीपगृह सर करावयाचे, आणि तेही मोटारसायकलीवरून. कारण बंद वाहनात बाईसाहेबांच्या पोटात ढवळे. बस, रेल्वे, मोटार हे तिन्ही त्यांचे वैरी, आणि तोंडावर वारा लागला की तबियत खुश. बाईसाहेबांनी सुई पिनकुशनीत खोचली, मसलत ऐकिली आणि तहाचे एकच कलम घातले:

"येते मी. पण कंबर दुखायला लागली तर पहिल्या पेट्रोल पंपावरून परत. मग तुम्ही आणि दादा जा."

आता ही कंबर कोठे गेली, हे मास्तरांवाचून दुसऱ्या कोणास ठाऊक? वाकून वाकून काजे करिता करिता ती मास्तरांच्याच दुकानात गेली. हे शल्य मास्तरांच्या उरात होते आणि ते कधी कोणापाशी बोलत नसत. आणि दादा म्हणजे बाईसाहेबांचे थोरले बंधू, मास्तरांचे मेहुणेबुवा. बुवांनी ऐन तारुण्यात मोटारसायकलीवरून एक घाट ओलांडिला, तो घाट ते आजतागायत ओलांडीतच आहेत. अकराशे किलोमीटर जाणे, अकराशे येणे, इतक्या वाटेत तो घाट किती वेळा ओलांडावा लागेल हे मनात येताच मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले. सबब या मोहिमेत मोटारसायकल कोणती, हा प्रश्नच नव्हता. बाईसाहेब संगे येतात की बुवा, हाच एक प्रश्न होता.

मग मास्तरांनी जे केले ते शिंप्यावाचून कोणी करणार नाही. आरशापुढे उभे राहोन आपले माप घेतले, बाईसाहेबांचे घेतले, पायाची लांबी, हाताची लांबी, कंबर, बैठक, सारे मापांच्या वहीत लिहिले, आणि वही काखेत मारोन, बाईसाहेब व बुवा यांस संगे घेऊन, शोरूमावर चालोन गेले. शोरूमाच्या व्यवस्थापकबाई, ज्यांस आम्ही पुढे किल्लेदारीण म्हणू, निळा कोट घालोन सामोऱ्या आल्या. मास्तरांनी टेप काढिला आणि एकेका गाडीची मापे घेऊ लागले. बैठक किती उंच, हँडल किती दूर, पाय ठेवण्याची दांडी कोठे. आणि सर्वांत अवाढव्य, काळीकुळकुळीत, दोन्ही अंगांस पेट्या लटकलेली जी गाडी, जीस बुवांनी पूर्वीच "काळा पहाड" नाव ठेविले होते, ती मापाबरहुकूम अशी तंतोतंत उतरली की मास्तर हर्षाने म्हणाले, शिवून घेतली असती तरी याहून नीट बसती ना.

परंतु बसोन पाहता दहाव्या मिनिटास घात जाहला. मास्तरांचे पोट सैल सुटले, खांदे उतरले, पाठ गोल जाहली, आणि हँडल वीतभर दूर पळाले. पाय टेकू जाता टाचा अधांतरी. बाईसाहेब मागून सारे पाहात होत्या. त्या म्हणाल्या:

"अहो, तुम्ही उभ्या माणसाचं माप घेतलंत. तेसुद्धा पोट आत ओढून. तिथवर काय उभे राहून जाणार आहात?"

गिऱ्हाईक टेप पाहताच पोट आत घेते आणि छाती पुढे काढते, हे एकतीस वरुषे पाहोन मास्तर सर्वांस न सांगता दोन बोटे सैल शिवीत आले. आणि स्वतःच्या वेळी तेच विसरले. दिव्याखाली अंधार तो हा! मग त्यांनी वहीतील पान टरकन फाडिले आणि जाहीर केले की, प्रवासास माप पाहिजे ते थकल्या माणसाचे. आणि बसल्यावाचून थकवा नाही. तस्मात येथे दिवसभर बसावे.

किल्लेदारीण हसोन म्हणाली, "काका, चाचणीला गाडी देते की. चौकापर्यंत फेरी मारून या."

"बाई," मास्तर म्हणाले, "नवीन पँट घालून आरशापुढे दोन पावलं चाललं की कुठलीही पँट छानच वाटते. रडगाणं संध्याकाळी सुरू होतं."

एकतीस वरुषांचा हा अनुभव ऐकोन तिने स्वतःचे उंच टाचांचे बूट एकवार पाहिले आणि हुकूम दिला की, बसावे. परंतु गाडी स्टँडवरून उतरवू नये आणि हॉर्न वाजवू नये.

येणेप्रमाणे सोमवारी दहाच्या ठोक्यास वेढा पडला. रसद म्हणावी तर चहाचा थर्मास, सहा केळी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि बाईसाहेबांची औषधाची ट्यूब. बुवांनी आग्रह धरिला की प्रारंभ लाल गाडीपासोन व्हावा. ती म्हणे वाऱ्यासारखी पळते. तिची रचना ऐशी की पुढचा माणूस टाकीवर पालथा आणि मागचा उंच, माळ्यावर चढविल्यासारखा. तीवर बाईसाहेब दर दोन मिनिटांस घसरोन मास्तरांच्या पाठीवर येत, मास्तर टाकीवर जात, आणि मग उभयता हुश्श करोन मागे सरकत. चाळीस मिनिटे ही धुमश्चक्री चालली. मग बाईसाहेब उतरल्या, भिंतीस टेकल्या आणि डोळे मिटोन उभ्या राहिल्या. बुवांनी ते पाहोन बहिणीस धीर दिला की, काळजी नसावी, मी आजच बॅग भरावयास घेतो.

मंगळवारी काळ्या पहाडास दुसऱ्यांदा मोर्चे लाविले. बैठक रुंद, गुबगुबीत, मागे टेकावयास पाठ. बुवा म्हणाले, हा तर दिवाणखाना. एक तास गेला, दुसरा गेला. शोरूमात आलेल्या एका गिऱ्हाइकाने भोवती प्रदक्षिणा घालोन किल्लेदारणीस पुसिले, "हे काका-काकू गाडीसोबत येतात का?" त्यावर ती म्हणाली, "नाही, ते वेगळे घ्यावे लागतात." सर्व हसले. बाईसाहेबही हसल्या. मास्तर दर पंधरा मिनिटांस पुसत, कशी आहेस, आणि मागून जबाब येई, "बरी आहे हो, छान आहे." परंतु तिसऱ्या तासी मास्तरांची नजर सहज गाडीच्या आरशात गेली, तो काय पाहतात! बाईसाहेबांचे ओठ घट्ट मिटलेले, एक मूठ स्वतःच्या कमरेत रुतविलेली, आणि डोळ्यांत पाणी. त्या खोटे बोलत होत्या, आणि मास्तरांचे दीपगृह बुडू नये म्हणोन बोलत होत्या.

मास्तर तत्क्षणी उतरले, बाईसाहेबांस हात धरोन उतरविले, आणि म्हणाले, पुरे जाहले. कोठे जाणे नाही. दुकान उद्यापासोन सुरू.

"का म्हणून?" बाईसाहेब कडाडल्या. "एवढी वर्षं त्या चित्राकडं बघत बसलात. जा ना दादाबरोबर!"

"मला दादाबरोबर दीपगृह नाही बघायचं."

"मग?"

मास्तरांनी गळ्यातील टेप काढिला, बोटास गुंडाळिला, सोडिला, पुन्हा गुंडाळिला. "तुझ्याबरोबर बघायचंय," ते म्हणाले. बुवा बाजूसच उभे होते. त्यांच्या मनास फार लागले; ते म्हणाले, मी जरा हवा भरून येतो, आणि पायी निघोन गेले.

इतक्यात काळ्या पहाडाचा खरा खरीददार दारात दाखल जाहला, आणि मास्तरांस व बाईसाहेबांस रणांगण मोकळे करोन देणे प्राप्त आले. घरी परतावे, तो बाईसाहेबांचे पाय मुंग्यांनी भरलेले. खुर्ची एक होती, तीवर खरीददार बसला. किल्लेदारणीने लाजोन मागल्या कोपऱ्यात बोट दाखविले. तेथे मातकट रंगाची एक गाडी होती, जिचे मॉडेल कोणी विचारीत नसे. ना नक्षी, ना चकाकी, बैठक लांब आणि सपाट, हँडल आपण होऊन हातास येणारे. शोरूमाचा मेकॅनिक बंद पडलेल्या गाड्यांस भेटावयास एरवी तीवरून दिवसभर हिंडे. उभयता तीवर केवळ थर्मासातील उरला चहा प्यावयास बसली. मास्तरांचा हात सवयीने टेपाकडे गेला, तो बाईसाहेबांनी दटाविले, "आता मापं पुरे. गप चहा प्या."

मास्तर चहा प्याले. मग समजूत घालू लागले की, पुढल्या वरुषी पाहू, कमरेस चांगला डॉक्टर पाहू, आणि काजांचे मशीन घेऊ, हे तर पूर्वीच घ्यावयाचे होते, माझीच चूक. मागून जबाब नाही. मास्तरांनी जाणिले, अजून राग आहे. म्हणोन आणखी चार चुका कबूल केल्या, त्यातील दोन तर त्यांनी केल्याही नव्हत्या. तरी जबाब नाही. मग पाठीवर काही जड, ऊबदार असे टेकले. मास्तर वळू जाणार, तो समोरून किल्लेदारणीने ओठांवर बोट ठेवोन डोळे वटारिले आणि खूण केली: झोपल्यात.

येथोन जी लढाई जाहली तैसी पूर्वी जाहली नाही. मास्तरांनी हलावयाचे नाही, हीच लढाई. डाव्या पायास मुंग्या आल्या, त्या गुडघ्यापर्यंत चढल्या, मग पाय कोणाचा हेच कळेना. मास्तर हलले नाहीत. माशी येऊन नाकावर बसली, तिने नाकाची सविस्तर पाहणी केली. मास्तर हलले नाहीत. खरीददाराने काळ्या पहाडाचे इंजिन सुरू करावयास हात नेला, तो किल्लेदारणीने किल्लीच काढोन घेतली आणि ढकलीत बाहेर न्यावयास लाविली. इतक्यात बुवा भरली बॅग पाठीस बांधोन, राग गिळोन, "काय ठरलं रे?" ऐशी आरोळी देत दारात आले. किल्लेदारीण बूट हाती घेऊन अनवाणी धावली आणि त्यांस उंबऱ्यावरच अडविले. तेव्हा बुवांनी आत पाहिले. बहीण दिसली, तिचे डोके दिसले, ते कोठे टेकले आहे तेही दिसले. बुवांनी आवाज न करिता बॅग खाली ठेविली आणि घाटाविषयी चकार शब्द न काढिता पायरीवर बसोन राहिले. त्यांची मर्दुमकी आम्ही येथे आदरे नमूद करितो.

एक तास पन्नास मिनिटे. मग बाईसाहेब जाग्या जाहल्या. डोळे उघडण्यापूर्वी त्यांचा हात सवयीने कमरेकडे गेला, तेथे थबकला, चाचपू लागला, आणि तसाच खाली आला. मास्तरांनी श्वास रोखिला. किल्लेदारणीने रोखिला. बाईसाहेबांनी जांभई दिली, पदर सारखा केला आणि अर्धवट झोपेतच पुसिले:

"अहो, किती आलो आपण?"

मास्तर म्हणाले, "अजून लांब आहे. झोप तू."

येणेप्रमाणे मंगळवारी, शोरूमाचे दिवे मालविण्याच्या सुमारास, मातकट रंगाची मोटारसायकल, बैठक लांब व सपाट, मास्तर व बाईसाहेब यांच्या नावे कायम जाहली आणि मोहीम फत्ते जाहली. आपल्याकडील जायबंदी: मास्तरांचा डावा पाय, तो बुधवारी सकाळी ठिकाणावर आला. बुवांस दुकानाच्या किल्ल्या सोपविल्या असोन ते कुंड्यांस पाणी घालतात. स्वारी गुरुवारी पहाटे कूच जाहली. दुकान वीस दिवस बंद आहे. गिऱ्हाइकांनी दार वाजवू नये. उसवले असेल ते तूर्त घरीच टाचावे.