देशकरकाका वाजवून बघतात

देशकरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत. चपला काढतात, चष्मा कपाळावर सारतात आणि दिवाणखान्यात जे काही गोल, पोकळ आणि मातीचं दिसेल त्याच्यावर मधलं बोट वाकवून टकटक करतात. फुलदाणी, कुंडी, मुलाने शाळेत केलेला वाकडातिकडा कप, काहीही सुटत नाही. मग कान जवळ नेतात आणि निकाल देतात. निकाल दोनच, "खणखणीत" किंवा "बद्द". बद्द म्हणजे आत कुठेतरी तडा आहे, तुम्हाला दिसत नसला तरी आहे. एवढं झालं की ते बसतात आणि चहा मागतात.

माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंनी पुण्याहून विमानात मांडीवर धरून आणलेली निळी फुलदाणी त्यांनी बद्द ठरवली. सासूबाई समोरच बसल्या होत्या. मी काकांना डोळ्यांनी खुणा करत होते.

"डोळे काय मिचकावून राहिली, मृदुला?" काका म्हणाले. "बद्द आहे तर बद्द आहे बाप्पा. मी खोटं कसं सांगू?"

पुढच्या दिवाळीत त्या फुलदाणीत पाणी भरलं आणि ती तळातून ठिबकायला लागली. सासूबाईंनी काकांना अजून माफ केलेलं नाही. फुलदाणी त्यांनीच फोडली असं त्यांचं ठाम मत आहे.

इथे अमेरिकेत, अल्बुकर्की शहरात, मराठी घरं मोजकी, त्यामुळे काकांचं बोट सगळीकडे फिरून आलेलं आहे. माघारी त्यांना बद्दकाका म्हणतात. काका मूळचे नागपूरचे, आणि इथे त्यांनी जन्मभर पुलांची तपासणी करायची नोकरी केली. हातोडी घेऊन पुलाखाली उभं राहायचं, काँक्रीट ठोकत जायचं आणि जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने गोल काढायचा. रिटायर झाल्यावर हातोडी सरकारजमा झाली, बोट राहिलं. शिवाय त्यांच्या आईने बाजारातला प्रत्येक माठ वाजवून घेतलेला, म्हणजे ही सवय रक्तातलीच.

पण काकांचा खरा जीव प्वेब्लो मडक्यांत. प्वेब्लो म्हणजे इथल्या मूळ लोकांची गावं. आमच्या शहराच्या वर, नदीच्या काठाने ती पसरलेली आहेत, आणि तिथल्या बायका अजून चाकाशिवाय मडकी घडवतात. मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक चढवायच्या, भोपळ्याच्या वाळलेल्या कवटीने खरवडून भिंत पातळ करायची, आणि आजीकडून आलेल्या गुळगुळीत गोट्याने घासघासून चकाकी आणायची. ही मडकी लोक काचेच्या कपाटात ठेवतात. किंमत मी सांगत नाही, उगाच तुम्हाला ठसका लागेल.

काका आणि नलूकाकू इथे नवीन असताना त्यांनी त्यातल्या एका गावातल्या बर्नडेट नावाच्या बाईंकडून असंच एक काळंभोर, आरशासारखं मडकं घेतलं. घरी आणून त्यांनी काय केलं असेल? नागपूरची माणसं ती. मडकं धुतलं, ओलं फडकं गुंडाळलं, पाणी भरलं आणि वाळ्याची जुडी टाकली. दोन दिवसांत मडक्याची चकाकी गेली, पांढरे डाग पडले आणि खालचा गालिचा भिजला. काका मडकं कडेवर घेऊन तक्रार करायला गेले. "मॅडम, धिस इज लीकिंग," ते म्हणाले.

बर्नडेटबाईंनी मडक्यात डोकावून बघितलं. वाळा बाहेर काढून हुंगला. मग ज्या हसायला लागल्या त्या खुर्चीत बसेपर्यंत हसल्या. नलूकाकूही हसायला लागल्या. काका मात्र गंभीर उभे. शेवटी डोळे पुसत बाई म्हणाल्या, "माझी आजी नदीवरून पाणी आणायची ते असल्याच घागरीतून. आता तर आम्हीच लोकांना सांगतो, पाण्याचा थेंब लागू देऊ नका. किती वर्षांनी कुणीतरी मडक्यात पाणी भरलं." त्या दिवसापासून काकांचं नाव पडलं वॉटर मॅन, आणि नलूकाकूंना दर शनिवारी बर्नडेटबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जागा मिळाली.

काकू तिथे वळ्या वळायला शिकल्या. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ही आमची माती. यातलं काही विकायचं नाही, आणि याला आमचं भांडं म्हणायचं नाही. तुझं म्हणायचं." काकूंनी दोन्ही पाळलं. शिवाय त्यांची मडकी कुणी विकत घेतली असती असंही नाही. सगळी एका अंगाला कललेली असायची. काका भाजून आलेलं प्रत्येक मडकं वाजवत आणि निम्म्याहून जास्त बद्द ठरवत. "अहो, एकदा तरी खोटं बोला," काकू म्हणायच्या. काका म्हणायचे, "तू एकदा तरी नीट कर."

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आजार कळला तेव्हाच फार पुढे गेलेला होता. मुलगी न्यू जर्सीहून आली, फिनिक्सहून गुरुजी आले, आणि ऐन वेळी लक्षात आलं की विधीला मडकं लागतं. घरात मडकीच मडकी, पण त्यातलं कोणतं फोडायचं हे काकांना विचारायची छाती कुणाची नव्हती. कुणीतरी बागेच्या दुकानातून लाल कुंडी आणली. तळाला भोक आयतंच होतं. फ्युनरल होममध्ये आत पाणी सांडायला परवानगी नव्हती, म्हणून मागच्या हिरवळीवर काका ती खांद्यावर घेऊन फिरले आणि त्यांनी ती मागे टाकली. कुंडी हिरवळीवर पडली, लोळत गेली आणि थांबली. फुटली नाही. आम्ही सगळे खाली मान घालून उभे. काका वळले, वाकले आणि त्यांनी कुंडी उचलून टकटक केलं.

"खणखणीत आहे," ते गुरुजींना म्हणाले. "म्हणून फुटत नाही."

कुणाला हसू फुटलं नाही. मग आत जाऊन त्यांनी भिंतीवरचं दाहिनीचं हिरवं बटण दाबलं आणि काकू गेल्या.

त्यानंतर काकांनी कूलर बंद केला. ही गोष्ट नागपूरबाहेरच्या माणसाला नीट कळायची नाही. आमच्या वाळवंटी गावात एसीपेक्षा छतावरचा पाण्याचा कूलर जास्त चालतो, आणि काकांना त्याचा कोण अभिमान! "हे नागपूरच आहे, फक्त संत्री नाहीत," हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मीच ते पाहुण्यांना सांगते. असा माणूस ऐन जूनमध्ये खिडक्या लावून, कूलर बंद करून, बनियनवर बसायला लागला. घरात पाऊल टाकलं की भट्टीत शिरल्यासारखं वाटायचं. पहिल्या उन्हाळ्यात लोक म्हणाले, दुःख आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणाले, चिक्कू आहे. तिसऱ्या उन्हाळ्यात काकांकडे जायचंच सगळ्यांनी सोडलं. मी शेजारची, म्हणून डबा द्यायला जायचे आणि उंबऱ्यातूनच परत फिरायचे.

यंदा जूनमध्ये एकदा गेले तर काका खुर्चीत लालबुंद होऊन बसलेले. ओठ सुकलेले. मला रागच आला. मी सरळ भिंतीकडे गेले आणि कूलरच्या बटणावर हात ठेवला.

"चालू नको करू बाप्पा!" काका एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातातला डबा पडता पडता राहिला. मग ते उठले आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेले. काकूंच्या कपाटात, साड्यांच्या घड्या बाजूला सारून, मऊ सुती पातळावर एक लहानसं मडकं ठेवलेलं होतं. मातकट, बिनचमकेचं आणि एका अंगाला कललेलं.

"कच्चं आहे," काका हळू आवाजात म्हणाले. "शेवटचं केलेलं. भाजायचं राहून गेलं. कूलरची हवा दमट असते ना गं. ओल धरली तर ढेकूळ होईल त्याचं."

मी सांगितलं की इथल्या हवेत इतक्याने काही होणार नाही. बर्नडेटबाईंनीही हेच सांगितलं होतं म्हणे, आणि पोटभर हसल्याही होत्या. पण काकांना जोखीम नको होती. त्यांनी मला टॉर्च लावून आत बघायला लावलं. तळाशी अंगठ्याचा ठसा होता, रेघान् रेघ दिसत होती.

"मग भाजून का नाही घेत?"

"भाजताना फुटतात," काका म्हणाले. "चांगल्या चांगल्यांची फुटतात. हिचं तर आधीच वाकडं."

म्हणजे असं होतं. भाजावं तर फुटायची भीती, न भाजावं तर विरघळायची. तीन वर्षं हा माणूस मधल्या मध्ये उकडत बसला होता, आणि आम्ही त्याला चिक्कू म्हणत होतो.

त्याच आठवड्यात मी काकांकडे असताना बर्नडेटबाईंचा फोन आला. त्यांचा खांदा आता वर होत नव्हता. शनिवारी वारा नसला तर अंगणातल्या आगीत शेवटचं भाजणार, यापुढे भाची विजेच्या भट्टीत भाजेल. वॉटर मॅनला ते मडकं आणायचं असेल तर या वेळी आणावं. मी स्पीकरवरच विचारलं, मग विजेच्या भट्टीत घातलं तर? तिथे फुटायची भीतीही कमी असेल ना?

काकांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "नलूला एकदा बटण दाबून भट्टीत घातलंय मी. पुन्हा नाही."

शनिवारी गाडी मी चालवली, कारण काकांच्या मांडीवर मडकं होतं. एसी लावायचा नव्हता. मी म्हटलं, काका, एसीने हवा कोरडी होते, ओली नाही. "असू दे, असू दे," काका म्हणाले. मी फ्रीवेवर बैलगाडीच्या वेगाने चालले होते, मागचे ट्रकवाले हॉर्न देत होते, आणि काका प्रत्येक पुलाखालून जाताना सवयीने वर बघत होते.

बर्नडेटबाई अंगणात तयारच होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात टर्कॉइज खड्यांची निळी माळ आणि अंगात नातवाचा टी-शर्ट. लोखंडी जाळीवर त्यांनी आपली चार मडकी उपडी मांडली आणि मधली जागा मोकळी ठेवली. काकांनी स्वतःच्या हाताने मडकं तिथे ठेवलं. वर जुने पत्रे घातले, आणि मग बाईंनी चहूबाजूंनी लावायला वाळलेल्या गोवऱ्या काढल्या. मला हे ठाऊक नव्हतं. अमेरिकेत, त्या अंगणात, रचलेल्या गोवऱ्या बघून मी नजर वळवली. काकांकडे बघायचा धीर होईना.

बाईंनी पेटलेली सिडर लाकडाची ढलपी त्यांच्यापुढे धरली. "तू लाव," त्या म्हणाल्या. काकांनी बूट काढले, मोजे काढले, आणि त्या तापलेल्या मातीवर अनवाणी जाऊन आग दिली. मला रडू आलं.

भाजताना वाईटसाईट बोलायचं नाही, असा बाईंचा नियम. आम्ही बोललोच नाही. बऱ्याच वेळाने आतून फट्ट असा आवाज आला.

"कुणाचं?" काकांनी विचारलं.

"काढल्यावर कळेल," बाई म्हणाल्या आणि काठीने निखारा सारत राहिल्या.

पत्रे काढले तेव्हा बाईंच्याच एका मोठ्या मडक्याची बाजू उडालेली होती. काकूंचं मडकं जागच्या जागी, अख्खं. विटकरी लाल झालेलं, एका गालावर धुराचा काळा ढग. ते हातात धरण्याइतकं निवेपर्यंत काका त्याच्याशेजारी उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी ते उचललं, धोतराच्या सोग्याने पुसावं तसं शर्टाच्या टोकाने पुसलं, आणि काही ध्यानात यायच्या आत त्यांचं मधलं बोट वाकलं.

टक टक.

बद्द.

इतकी वर्षं शेजारी राहून मला एवढं तर कळतंच. बर्नडेटबाईंना तर कळलंच, त्या आपल्या बुटांकडे बघायला लागल्या. काका कान मडक्याशी लावून तसेच बसले होते. पुन्हा वाजवलं नाही.

"खणखणीत," काका म्हणाले. मग बाईंकडे वळून, "बर्नडेटबाई, व्हेरी गुड साउंड."

"हो, वॉटर मॅन," बाई म्हणाल्या. "छान वाजलं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरलेले होते.

"खणखणीत आहे, काका," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर मडकं पुन्हा त्यांच्या मांडीवर होतं. शहर दिसायला लागलं. मग त्यांनी समोरची एसीची जाळी वळवून मडक्याच्या तोंडाकडे केली.

"आता लाव एसी," ते म्हणाले. "नलूला उकडतं फार."