मुनेश्वरची डावी बाजू

इचोड्याच्या टायरवाल्या रेड्डींनी घराचं काम सुधाकर मुनेश्वरकडे दिलं, तेव्हा पहिल्या दिवशी तो प्लॉटवर टेप घेऊन गेला नाही, बाज घेऊन गेला. महिना मे. आमच्याकडच्या मेमध्ये दुपारी कावळासुद्धा झाड सोडत नाही. हा डोक्याला दुपट्टा गुंडाळून मोकळ्या प्लॉटवर सबंध दुपार पडून राहिला. हायवेवरचे ट्रकवाले गाडी हळू करून विचारत, "मर गया क्या?" रेड्डी हात जोडून दुकानात चला म्हणाले, तर हा म्हणतो, "आप जिंदगीभर सोओगे यहाँ. मुझे एक दोपहर तो सोने दो!"

संध्याकाळी उठला तो लालबुंद होऊन. एवढंच म्हणाला, "पश्चिमेला खिडकी नाही. एकही नाही." रेड्डींचं घर आजही मेमध्ये गार असतं.

मुनेश्वर आदिलाबादेत माझा शेजारी होता. होता म्हणायची अजून सवय झालेली नाही. मेंदूच्या कॅन्सरनं नेला त्याला.

त्याचे वडील बेज्जूरकडे लोकांच्या शेतात राबले. मुलगा नागपूरला शिकून आर्किटेक्ट झाला, पण तो शब्द आमच्या लोकांच्या जिभेवर काही बसेना. 'इंजिनेर' म्हटलं की हा चिडायचा. काहीजण 'आर्टिस्ट साहेब' म्हणत. त्यामुळे एकदा गुडीहत्नूरचा एक माणूस पोरीच्या लग्नासाठी भिंतीवर मोर काढून द्या म्हणत आला. आता हा त्याला हाकलतो असं आम्हाला वाटलं. हा विचारतो, "मांडव कोन्या तोंडाचा हाय?" आणि त्या बापाला त्यानं मांडवाचं तोंड फिरवायला लावलं. मोर मात्र काढला नाही. "मोर उन्हात उभा राह्यते, वऱ्हाडी नाही राहात," म्हणाला.

कुणाच्याही घरी गेला की बैठकीत बसायच्या आधी सरळ स्वयंपाकघरात शिरायचा. "सकाळी चुलीपाशी ऊन कुठून येते?" हा प्रश्न त्यानं कलेक्टर ऑफिसातल्या साहेबाच्या बायकोलाही विचारला होता. मयतीच्या घरीसुद्धा छताकडे बघत म्हणाला, "या खोलीत वाराच नाही." त्याच्या बायकोनं, शोभा वहिनींनी, त्याला बाहीला धरून बाहेर काढलं.

त्या वहिनींवर तर त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. त्या दारात तांदूळ निवडायला बसल्या की, "दार नको अडवू, वारा अडते." काही सुचवलं की, "तुले काय समजते?" वहिनी हसून सोडून देत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस बायकोशी एक शब्द गोड बोललेला आमच्या कॉलनीत कुणी ऐकला नव्हता.

मग एका सकाळी तो अर्धीच दाढी करून बाहेर आला. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर पांढरे खुंट तसेच. मी म्हटलं, "भाऊ, डावीकडचं बांधकाम राह्यलं काय?"

"काऊन? झाली ना दाढी!"

आम्ही सगळे हसलो. तोही हसला.

पुढं ताटातली डावीकडची भाजी तशीच राहू लागली. वहिनींना वाटलं, वांगं आवडेनासं झालं. चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. तो चौकटीलाच शिव्या द्यायचा.

रेड्डींचा भाऊ घराचा नकाशा बघायला आला, त्या दिवशी मी तिथंच होतो. कागदाच्या उजव्या अर्ध्यावर नेहमीसारखं सुरेख काम. मधोमध रेषा संपल्या होत्या. डावीकडे कोरा कागद.

"सार, बेडरूम एक्कडा?" कुठं आहे, त्यानं भीतभीत विचारलं.

"इथंच तर हाय," मुनेश्वर म्हणाला. कागदाकडे बघत राहिला. मग कागद उलटा फिरवला, आणि कोरा भाग त्याच्या उजवीकडे आला. तेव्हा तो त्याला दिसला. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"सर," मला म्हणाला, "मले अर्धं घर दिसूनच नाही राह्यलं."

नागपूरला मेंदूचा फोटो काढला. उजव्या बाजूला गाठ होती. डॉक्टरांनी समजावलं, डोळे चांगले आहेत, पण डावीकडे जग आहे हेच मेंदू विसरून चाललाय. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. त्या उन्हाळ्यात तो जरा सावरला, नर्सला वॉर्डातल्या खिडक्या चुकल्यात असं सांगण्याइतका. पावसाळ्यात गाठ परत आली. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या.

श्रावणातल्या एका दुपारी मी त्याला बघायला गेलो. तो खाटेवर पडलेला. वहिनी डावीकडे, खाट आणि भिंतीच्या मध्ये बसलेल्या. त्याचा डावा हात त्यांच्या दोन्ही हातांत. मी उजवीकडे स्टूल ओढलं.

"सर, शोभा कुठं गेली?"

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी नको अशी मान हलवली. इथंच आहे म्हटलं की तो गोंधळायचा, घाबरायचा, हे त्यांना माहीत झालं होतं.

"बाजारात गेल्या असतील," मी म्हटलं.

"मंग सांगतो. तिले नका सांगजा. थे घरात नसली का मले भेव लागते. आताचं नाही, लग्नापासून. माहेरी गेली का मी फोन करो, कपाटाची चावी सापडत नाही, लवकर ये. चावी खिशातच राहे माह्या."

वहिनी हलल्या नाहीत. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांना हात सोडावा लागला असता. त्यांनी सोडला नाही.

"आता तर सारखी बाजारातच राह्यते, सर. मी बिमार, अन् हे दिवसभर बाजारात."

मला तिथं बसवेना. वहिनींनी तो हात हळूच गादीवर ठेवला. भिंतीला घासत पायथ्याकडून बाहेर पडल्या. ओसरीवर जाऊन चपला घातल्या, फाटकाची कडी वाजवली आणि चपला वाजवत आत आल्या. उजवीकडे.

"आली मी."

त्याचा चेहरा उजळला. लगेच कपाळाला आठी पडली. "मेथी आनाले एवढा वेळ लागते काय?"

"गर्दी होती."

"चहा मांड सराईसाठी. तुले काय समजते, मानूस कवाचा बसला हाय!"

त्या उठल्या नाहीत. चहा मी केला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी खाट डावीकडून भिंतीला चिकटवून घेतली. तिथं बसायला जागाच ठेवली नाही. पण आठवड्याभरात त्याची उजवी बाजूही जाऊ लागली. वहिनी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बसायच्या. तो विचारायचा, "शोभा आली का?" त्या म्हणायच्या, "आली ना." तो थोडा वेळ थांबायचा आणि पुन्हा विचारायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, वहिनी "आली ना" म्हणाल्या, आणि पुन्हा प्रश्न आला नाही.