वाघाच्या पायातला गोळा आणि मुकुंदाची झोप

एका जंगलात, मुलांनो, वाघाच्या पायात गोळा आला. कधी आला? तर नेमका झेप घेताना. वाघ हवेतून धप्पकन खाली पडला, आणि ज्याच्यावर झेप घेतली होती तो मुकुंदा चितळ टणाटण उड्या मारत निसटला.

हसू नका. पोटरीत गोळा आला की वाघाच्याही डोळ्यांत पाणी येतं. पण वाघ पडला जंगलाचा राजा, आणि राजाला चारचौघांत कळवळता येत नाही. म्हणून त्याने जाहीर करून टाकलं की मुकुंदाची दया आली, म्हणून सोडला. पुढे चार दिवस जंगलभर त्या दयेचं कौतुक चाललं होतं. सगळ्यात जास्त कौतुक मुकुंदाच करत होता.

मग राजाने गुपचूप डॉक्टर साळिंदराला बोलावलं. साळिंदर म्हणजे तोच, अंगभर काटे असलेला. सुया घरच्याच असल्यामुळे तो डॉक्टर झाला होता. पण डॉक्टर बरा होता, उगाच नावं ठेवणार नाही. त्याने एक काटा उपटला, राजाचं रक्त काढलं, निरखून पाहिलं आणि सांगितलं की महाराजांना मॅग्नेशियम कमी पडतंय.

मॅग्नेशियम म्हणजे काय हे तुम्हाला शाळेत शिकवलंय आणि तुम्ही ते विसरलाय. ते एक खनिज आहे. आखडलेला स्नायू परत सैल व्हायला ते लागतं. हाडांना लागतं, नसांना लागतं, हृदयाचे ठोके नीट पडायलाही लागतं. हिरव्या पाल्यात असतं, बियांत असतं, डाळींत असतं. इथपर्यंत सगळं खरं आहे. भानगड पुढे आहे.

राजाने पाला खाऊन पाहिला. एकच घास. उरलेला दिवस तो थुंकत बसला होता. डॉक्टरची पाचावर धारण बसली, कारण राजाला बरं न करणाऱ्या डॉक्टरचं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. बराच विचार करून तो हळूच म्हणाला, "महाराजांनी पाला खाऊ नये. पाला खाणाऱ्यांना खावं. फक्त त्यांनी तो पाला जरा पोटभर खाल्लेला असावा."

"मग घाला त्यांना खायला," राजा म्हणाला.

अशा रीतीने जंगलात आरोग्य शिबिर भरलं. मोहाच्या झाडाखाली मांडव, मागे राजाचं हसरं चित्र. डॉक्टरने भाषण केलं. तुम्हाला सारखं दचकायला होतं का, त्याने विचारलं. झोप तुकड्यातुकड्यांत लागते का? पान वाजलं तरी छातीत धडधडतं का? कान उगाचच टवकारलेले राहतात का?

चितळांनी एकमेकांकडे पाहिलं. हे सगळंच त्यांना होत होतं. त्यांच्या आजोबा-पणजोबांनाही होत होतं. चितळाच्या जातीत सलग झोपलेलं कोणी कोणाच्या ऐकिवात नव्हतं. आजवर त्यांना वाटायचं की चितळ म्हणजे असंच. आज कळलं की हा आजार आहे, आणि त्याला मॅग्नेशियमची कमतरता असं नावसुद्धा आहे. त्यांना इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! आजाराला नाव मिळालं की निम्मं बरं वाटतं. माझ्या मेहुण्याचं अगदी तसंच आहे, पण ते असो.

उपाय काय? तर ओढ्याकाठचा हिरवा पाला. म्हणजे चितळं रोज खायची तोच. पण नुसतं पाला खा म्हटलं तर कोण ऐकणार? म्हणून डॉक्टरने माकडांना गोळ्या वळायला बसवलं. चितळांनी ओढ्यावरून पाला आणायचा, माकडांना द्यायचा, आणि त्याच पाल्याची गोळी आभार मानून घ्यायची. तपासणीला काट्याने रक्त काढू दिलं की एक केळं मिळणार होतं, ते माकडांनी मध्येच खाल्लं. आणि ज्याचं मॅग्नेशियम भरलं त्याच्या कपाळावर डॉक्टर हिरवा टिळा लावायचा.

मुकुंदा रांगेत पहिला. त्याची बायको शेवंता मात्र आलीच नाही. ती फार शहाणी होती म्हणून नव्हे हं. उगाच तिला गोष्टीतली हुशार बाई करू नका. तिला सुईची भीती वाटत होती. डॉक्टरच्या पाठीवर एवढ्या सुया बघून ती जी झुडपामागे जाऊन बसली, ती शिबिर उठेपर्यंत बाहेर आली नाही. मुकुंदाला चारचौघांत मान खाली घालावी लागली.

गोळ्यांनी गुण आला, खोटं कशाला बोलू. मुकुंदाला झोप लागायला लागली. भर दुपारी गवतात तंगड्या पसरून तो घोरायचा. पान वाजलं तर एक कान हलवायचा, तोही वाटलं तर. कपाळावर टिळा आला. मग भेटेल त्याला तो गोळी घ्यायला सांगत सुटला.

आणि शेवंता? ती तशीच. जरा खुट्ट झालं की ओरडून कळपाला सावध करायची. टिळेवाल्यांनी तक्रार केली की हिच्यामुळे झोपमोड होते. शेवटी तिला सांगण्यात आलं की तू जरा बाजूला चरत जा. तिला फार लागलं ते. ती मुकुंदाजवळ येऊन रडली. तिला तिचा जुना नवरा हवा होता, रात्रंदिवस कान टवकारणारा, घाबरट, पण रोज संध्याकाळी परत येणारा.

"अहो, त्या दिवशी तुम्ही दचकलात म्हणून वाचलात," ती म्हणाली.

"अगं, त्या दिवशी महाराजांनी दया केली," मुकुंदा जांभई देत म्हणाला. "आणि दचकणं हा आजार आहे. तुझ्या नसा अशक्त झाल्यात. दाखवून घे."

एके दुपारी वारा पडलेला असताना गवत हललं. शेवंता ओरडली. टिळेवाले म्हणाले, झालं हिचं सुरू. ती पुन्हा ओरडली, जीव तोडून ओरडली, मुकुंदाचं नाव घेऊन ओरडली. मुकुंदाने मान वर केली. समोर राजा होता. मुकुंदाने एक लांब श्वास घेतला. त्याच्या छातीत जराही धडधडलं नाही, हे डॉक्टरने नंतर मुद्दाम सगळ्यांना सांगितलं.

झेप घ्यायची वेळच आली नाही. राजा चालत आला.

पुढे एकेक करून सगळे टिळेवाले गेले. शोधायला त्रास नव्हता, टिळा लांबून दिसायचा. राजाच्या पायातला गोळा कायमचा गेला. मोहीम यशस्वी झाल्याचं जाहीर झालं आणि साळिंदराचा सत्कार झाला. शेवंता ओढ्यापलीकडे उभी राहून ते सगळं ऐकत होती. तिला हुंदका आवरत नव्हता, पण रडतानाही तिचे कान उभे होते.

मग डॉक्टरने उरलेल्या चितळांची तपासणी केली. बघतो तर एकूण एक चितळ दचकणारं, एकालाही धड झोप नाही. बिचारा हादरलाच. एवढं करूनही जंगलात कमतरता शंभर टक्के! त्याला खरंच वाईट वाटलं. आता पहिल्यापेक्षा मोठं शिबिर भरणार आहे. माकडं घरोघर निरोप देत फिरतायत. शेवंताकडेही गेली होती. पाऊल वाजलं आणि ती पळाली.

तात्पर्य : मुलांनो, गोळी वेळेवर घ्यावी आणि गाढ झोपावं. राजाला आपल्या तब्येतीची एवढी काळजी का लागली आहे, हे विचारत बसू नये. तसं विचारत बसलं की झोप उडते, आणि झोप उडणं हे मॅग्नेशियम कमी असल्याचं लक्षण आहे.